गावात उजेड आला आणि ओलीत रात्रीत गेलं



हरभऱ्याच्या पहिल्या पाण्याचे दिवस आले. शेतीच्या फिडरचं वेळापत्रक गावोगावच्या ग्रुपवर फिरायला लागलं. या हप्त्यात कोणाला दिवसा लाईन, कोणाला रात्री. आणि दरवर्षीसारखाच प्रश्नही यायला लागला : भाऊ, हिवाळ्यात लाईट जाते, घरी इन्व्हर्टर कोणता घ्यावा?

इन्व्हर्टरचा हिशोब शेवटी देतोच. पण त्याच्या आधी थोडा जुना इतिहास सांगतो. तो माहीत असला म्हणजे हिवाळ्याची तयारी घरात किती करायची आणि वावरात किती, हे नीट समजते.

आपल्या जिल्ह्यात डिसेंबरात दिवस साडेपाच-पावणेसहाला मावळतो आणि सकाळी पावणेसात-सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे तेरा तासांची रात्र. वीज नव्हती तेव्हाही रात्र एवढीच होती, आणि जुन्या लोकांनी तिची सोय लावलेली होती. आधी दिव्यात जवसाचं, करडीचं, तिळाचं तेल. जंगलाकडच्या गावात मोहाच्या टोळीचं तेल. जवस आपल्या वऱ्हाडाचं जुनं रब्बी पीक, त्यामुळे तेल घरचंच असायचं. मग मातीचं तेल आलं, म्हणजे घासलेट. त्याच्यासंगं चिमणी आणि कंदील आला. रेशनकार्डावर घासलेट मिळायला लागलं तसं घरातलं तेल बंद झालं.

माझ्या लहानपणी दिवाळीच्या साफसफाईत कंदिलाची काच राखेनं पुसायचं काम पोरांकडं असायचं. वात सरळ कातरायची, नाहीतर काच एका बाजूनं काळी होते. दळण पहाटे जात्यावर व्हायचं. स्वयंपाक दिवस मावळायच्या आत उरकायचा. अंधार येणार हे ठरलेलं होतं, म्हणून दिवसभराची कामं त्याच हिशोबानं लावलेली असायची.

आता ओलिताकडं पाहा. विहिरीवर मोट होती. मोट बैलांवर चालायची. पहाटे जुंपायची, उन्हं चढली की सोडायची. रात्रभर ओलीत करायचा विषयच नव्हता, कारण बैलाला रात्री विसावा लागतो आणि माणसालाही. पुढं डिझेलचं इंजिन आलं. ते आवाज करायचं, धूर ओकायचं, पण मालकाला वाटेल तेव्हा चालायचं. पाणी कधी द्यायचं हे मोटेच्या काळात बैल ठरवायचे, इंजिनाच्या काळात मालक. विजेची मोटर आली आणि पाण्याची वेळ पहिल्यांदा वावराच्या बाहेरून ठरायला लागली. पुढचं सगळं रामायण या एका गोष्टीतून निघालं.

महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला, आणि २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. १९६९ ला केंद्राचं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ आलं, त्याच्या कर्जातून खेड्यापाड्यात तारा ओढल्या गेल्या. विदर्भात कोळसा होता म्हणून औष्णिक केंद्रं इकडं झाली. १९७४ पासून कोराडी, १९८३ पासून चंद्रपूर. आपल्याच जिल्ह्यात वणी पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत. तिथला कोळसा वॅगननं बाहेर जातो. कोळसा आपल्या जिल्ह्याचा, मोठ्या तारा आपल्या वावरावरून गेलेल्या, आणि तारांच्या खाली कंदील. हे दृश्य माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल.

त्यात "गावाचं विद्युतीकरण झालं" या शब्दाचाही घोळ होता. गावाच्या हद्दीत कुठंही, कशासाठीही वीज वापरली जात असली की गाव कागदावर विजेचं. २००४ मध्ये केंद्र सरकारनं व्याख्या बदलली. निदान १० टक्के घरांत वीज पाहिजे, शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागी वीज पाहिजे, तेव्हा गाव मोजायचं. दहा टक्के! म्हणजे शंभर घरांपैकी नव्वद घरांत चिमणी असली तरी गाव मोजणीत पास. मी दहावीचा अभ्यास कंदिलावर केला तेव्हा गावात खांब उभे होते. खांब असणं आणि घरात उजेड असणं यात किती अंतर असते ते म्हणून मला चांगलं ठाऊक आहे.

आता येतो तुटवड्याचा काळ, जो आजच्या तरण्या पोरांनाही थोडाफार आठवते.

१९९९ ला दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प सुरू झाला. वीज महाग पडली, २००१ मध्ये मंडळानं ती घेणं बंद केलं आणि प्रकल्प बंद पडला. मागणी मात्र वाढत राहिली. २००४ च्या निवडणुकीआधी शेतीला मोफत विजेची घोषणा झाली आणि २००५ मध्ये ती मागं घेतली गेली. ६ जून २००५ ला मंडळाचे तुकडे झाले. निर्मितीची एक कंपनी, पारेषणाची एक, वितरणाची एक, आणि वर सूत्रधारी कंपनी. नेमक्या त्याच वर्षांत तुटवडा वाढला आणि पुढं चार हजार मेगावॅटच्या वर गेला. खेड्यात दिवसाला बारा बारा तास भारनियमन लागलं.

भारनियमन सगळ्यांना सारखं नव्हतं. वीज नियामक आयोगाच्या सूत्रानुसार फिडरचे गट पाडले होते. ज्या फिडरवर गळती आणि थकबाकी कमी, तिथं लाईट कमी तास जायची. जिथं जास्त, तिथं जास्त तास. शहराला एक न्याय, खेड्याला दुसरा, आणि खेड्यातही बिल भरणारा आणि न भरणारा एकाच फिडरवर असला तर दोघंही सारखेच अंधारात.

त्या वेळी घराघरात पुन्हा जुनी तयारी सुरू झाली. माळ्यावरचे कंदील खाली आले. चार्जिंगच्या बॅटऱ्या बाजारात आल्या. पिठाची चक्की लाईटवर, म्हणून बाया चार दिवसांचं दळण एकदमच आणून ठेवायच्या. नळयोजनेचा पंप लाईटवर, म्हणून घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं. मोबाईल चार्ज करायला शेजारच्या गावी जायचं. दहावी-बारावीची पोरं लाईट पहाटे येणार असली की पहाटे उठायची. ही सगळी तयारी घरातल्या माणसांनी, खास करून बायांनी, आपल्या झोपेतून आणि वेळेतून केली. तुटवडा राज्याचा होता, पण त्याची भरपाई घरोघरी झाली.

मग हा अंधार कमी कसा झाला? हे समजून घ्या, कारण आजच्या अडचणीचं मूळ इथंच आहे.

खेड्यात एकाच अकरा केव्हीच्या फिडरवर घरंही होती आणि मोटरपंपही. संध्याकाळी घराला दिवा पाहिजे तर लाईन सुरू ठेवावी लागायची, आणि लाईन सुरू असली की हजारो मोटरी सुरू व्हायच्या. एक पाच हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे सुमारे ३७०० वॅट. नऊ वॅटचे आजचे चारशे दिवे तेवढ्यात लागतात. म्हणून मोटरी थांबवण्यासाठी सगळा गाव अंधारात ठेवला जायचा.

यावर तीन उपाय निघाले. पहिला, अक्षय प्रकाश योजना : गावानं ठरवायचं की संध्याकाळी मोटरी लावायच्या नाहीत, आणि बदल्यात गावाला संध्याकाळचा उजेड मिळेल. दुसरा, सिंगल फेजिंग : संध्याकाळी थ्री फेज बंद, घरापुरती सिंगल फेज चालू. यावर आपल्या लोकांनी कंडेन्सर लावून मोटरी चालवायचा जुगाड काढला, मोटरी जळल्या, डीपी जळल्या, मग डीपीच वेगळ्या बनावटीच्या आल्या. तिसरा उपाय सगळ्यात पक्का : गावठाण फिडर वेगळा. गावाची लाईन वेगळी, शेतीची लाईन वेगळी.

गावठाण फिडर वेगळा झाला तशी गावात संध्याकाळी लाईट राहू लागली. टीव्ही चालू लागले, पोरं अभ्यासाला बसू लागली. २०१२ च्या डिसेंबरपर्यंत राज्य भारनियमनमुक्त करू, असं सरकारनं सांगितलं होतं. त्या सुमारास कमी गळतीच्या फिडरवरचं भारनियमन उठलंसुद्धा. पेपरात बातमी आली की अंधार संपला.

पण शेतीच्या फिडरला काय मिळालं? दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, आळीपाळीनं.

यामागं विजेचं गणित होतं. कोळशाचे संच एकदा पेटवले की ते लगेच बंद-चालू करता येत नाहीत. मध्यरात्री कारखाने, दुकानं, घरं कमी वीज घेतात आणि संच तर चालूच असतात. तेव्हा ही उरलेली वीज कोणाला द्यायची? ज्याला कधीही दिली तरी चालते त्याला. विहिरीतलं पाणी दुपारी दोनला काढा की रात्री दोनला, गहू तेच पाणी पितो. कागदावर हे गणित बरोबरच आहे. फक्त रात्री दोनला वावरात उभ्या राहणाऱ्या माणसाचा रकाना त्यात नव्हता. माझं म्हणणं एवढंच आहे : गावातला अंधार संपला नाही, तो उचलून वावरात नेऊन ठेवला.

आणि हे सगळ्यात जास्त हिवाळ्यात टोचते. पावसाळ्यात मोटर लागत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं बऱ्याच विहिरींना पाणी नसते. ओलिताचा खरा हंगाम दिवाळी ते फेब्रुवारी. गव्हाला मुकुटमुळं फुटताना, म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी पाणी चुकवता येत नाही. हरभऱ्याला फुलं लागायच्या आधी एक आणि घाटे भरताना एक. त्या दिवसांत पाळी रात्रीची आली तर रात्रीच जावं लागते. पुढच्या हप्त्याची वाट पाहिली तर उतारा जातो.

रात्रीचं ओलीत म्हणजे काय, हे ज्यांनी केलं नाही अशा कृषी अधिकारी मंडळींसाठी लिहितो. स्प्रिंकलरचा एक सेट साधारण पाऊण-एक एकर भिजवते. तीन तास झाले की मोटर बंद करायची, चिखलात उतरून पाईप सोडायचे, उचलायचे, पुढं नेऊन जोडायचे, पुन्हा मोटर चालू करायची. दहा तासांत तीन वेळा. कपडे ओले, पारा दहाच्या खाली, एका हातात बॅटरी. लाईन मध्येच गेली तर ती येईपर्यंत शेकोटीपाशी बसायचं. लोक म्हणतात हिवाळ्यात साप नसतात. बाकीचे कमी असतात हे खरं, पण घोणस थंडीतही फिरते आणि पाईपाखाली बसलेली दिसत नाही. रानडुकरांचे कळप आहेतच.

आमच्या राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यानं याची सगळ्यात कडू किंमत पाहिली. २०१६ ते २०१८ या काळात टी-१ वाघिणीच्या, म्हणजे अवनीच्या, हल्ल्यांत १३ माणसं गेल्याचं वनविभागानं धरलं. २ नोव्हेंबर २०१८ ला बोराटीच्या जंगलात ती मारली गेली. तिला मारावं की नाही यावर देशभर चर्चा झाली, कोर्टापर्यंत प्रकरण गेलं. मला इथं त्या वादात जायचं नाही. आमच्यासाठी तेव्हा प्रश्न साधा होता. वाघ जंगलाच्या कडेला, वावरही जंगलाच्या कडेला, आणि लाईन रात्री. लोक दिवसासुद्धा टोळीनं वावरात जायचे. रात्रीचं पाणी कितीतरी जणांनी सोडून दिलं. सोडलेल्या पाण्याचा पंचनामा होत नाही, म्हणून ते नुकसान कुठंच लिहिलेलं नाही.

आता गणित उलटं व्हायला लागलं आहे, आणि ही चांगली गोष्ट आहे.

सूर्याची वीज दिवसाच तयार होते. ती जसजशी वाढली तसतशी स्वस्त वीज रात्रीतून दिवसात आली. जून २०१७ मध्ये राज्यानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. गावाजवळच्या उपकेंद्राच्या शेजारी सौर प्रकल्प उभा करायचा आणि शेतीच्या फिडरला दिवसा वीज द्यायची. पथदर्शी म्हणून दोन गावं निवडली होती : नगर जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी आणि आपल्या यवतमाळ तालुक्यातलं कोळंबी. बऱ्याच जणांना हे माहीत नसते की या योजनेच्या सुरुवातीला आपल्या जिल्ह्याचं गाव होतं. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा, २.० नावाचा, सुरू झाला. त्याच्यासंगं कुसुम आणि मागेल त्याला सौर कृषी पंप या योजनाही आहेत.

साठ वर्षांत पहिल्यांदा असं झालं की विजेच्या कंपनीला जे स्वस्त पडते तेच शेतकऱ्याला सोयीचं आहे. रात्री ओलीत करायला लावायचं जे कारण होतं, ते कारणच संपत चाललं आहे. म्हणून ज्या फिडरवर अजून रात्रीची पाळी आहे, तिथल्या लोकांनी "हे असंच असते" म्हणून गप्प बसू नये. ग्रामसभेत विषय घ्या. आपला फिडर कोणता, उपकेंद्र कोणतं, सौर प्रकल्पासाठी उपकेंद्राजवळ पडीक सरकारी जागा आहे का, हे ठरावात लिहा. नुसतं "दिवसा वीज द्या" म्हटलं तर निवेदन होते. फिडरचं नाव आणि जागेचा गट नंबर दिला तर त्याच्यावर काम करता येते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. सूर्याची वीज दिवसासंगं मावळते. हिवाळ्यात पावणेसहाला पॅनल झोपले आणि त्याच वेळी सगळ्या गावाचे दिवे, टीव्ही, चक्की सुरू होते. पुढच्या काळात ताण आला तर तो संध्याकाळच्या दोन-चार तासांवर येईल, असं मला वाटते. म्हणून घरची तयारी सोडू नका.

आता कबूल केल्याप्रमाणे हिशोब.

घरासाठी : हिवाळ्यात पंखा लागत नाही, त्यामुळे काम सोपं आहे. १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. त्यातले हजारएक वापरायचे, पूर्ण उपसायची नाही, म्हणजे बॅटरी जास्त वर्षं टिकते. नऊ वॅटचे चार एलईडी आणि मोबाईल मिळून पन्नास वॅट धरा. वीस तास चालते. जुने साठ वॅटचे चार बल्ब असते तर चार तासांत संपली असती. म्हणून आधी बल्ब बदला, मग बॅटरी विकत घ्या. एवढी बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात, तर लाईट किती तास राहते ते पाहूनच मोठी बॅटरी घ्या. डिस्टिल्ड पाणी दिवाळीच्या आधी तपासा. नळाचं पाणी टाकू नका.

पाण्यासाठी : प्यायचं आणि ढोरांचं पाणी निदान एक दिवसाचं भरून ठेवा. दळण आठवड्याचं आणून ठेवा. एक कंदील किंवा साधी बॅटरी सगळ्यांना माहीत असलेल्या एकाच ठिकाणी टांगा.

वावरासाठी, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं : रात्रीच्या पाळीला एकटं जायचं नाही. शेजारच्या वावरवाल्यासंगं पाळी जुळवा, आज त्याच्याकडं दोघं, उद्या आपल्याकडं दोघं. बॅटरी डोक्याला बांधायची, हात मोकळे राहतात. गमबूट घाला. पाईप उचलण्याआधी काठीनं हलवून पाहा. स्टार्टरच्या पेटीला अर्थिंग आहे का ते दिवसा वायरमनकडून तपासून घ्या, आणि पेटीखाली कोरडी फळी किंवा रबर ठेवा. ऑटोस्विच काढून टाका. सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की डीपी जाते आणि मग आठ दिवस कोणालाच पाणी नाही. डुकरांसाठी तारेत चालू लाईन कोणीही सोडू नये. रात्री त्याच धुऱ्यावरून आपलाच शेजारी पाईप ओढत असतो. झटका मशीन वापरा. साप चावला तर बांधाबांध, कापाकापी न करता सरळ सरकारी दवाखाना गाठा. जवळ कोणत्या दवाखान्यात सापाची लस आहे ते आजच विचारून ठेवा.

आणि घरी सांगून जा, कोणत्या वावरात आहे, कितीला येणार. पहिल्या पाळीत, दुसऱ्या पाळीत एकेक मिस कॉल द्या. माणूस वावरातून घरी परत येईपर्यंत घरातला दिवा चालू राहिला पाहिजे, एवढी बॅटरी त्याच्यासाठी मोजून ठेवा.

तुमच्या फिडरला या हिवाळ्यात दिवसा किती आणि रात्री किती, ते गावाच्या नावासंगं जरूर कळवा.

जय किसान.